तात्पुरत्या फायली

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या कॉम्प्युटरने जाहीर केलं की त्याची आभासी स्मृती अपुरी आहे. पडद्याच्या मधोमध एक पांढरी चौकट आली, तिच्यात पिवळा त्रिकोण, आणि खाली दोन बटणं: 'पुन्हा प्रयत्न' आणि 'रद्द करा'. मी खुर्चीवर होते, हे माझ्या मागे उभे होते. दोघांनी ते वाचलं. ह्यांना डॉक्टरांनी बोलायची बंदीच केली होती. माझ्या तोंडाला कोणी बंदी केलेली नव्हती, आजवर करू शकलेलंही नाही, पण मीही ती चौकट नुसती पुन्हा एकदा वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ह्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. गाठ वाईट निघाली होती आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. माणूस वाचेल, आवाज जाईल, असं सर्जननी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी पाचच्या आत दवाखान्यात भरती व्हायचं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, वर पिशवीत रिपोर्ट.

आणि ह्यांचा आवाज त्या कॉम्प्युटरमध्ये होता.

ती सगळी व्यवस्था वाचाबाईंची. वाचा गेलेल्या लोकांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या दवाखान्यातल्या बाई. दारावरच्या पाटीवर त्यांचा हुद्दा हातभर लांब आहे, म्हणून आपलं मी वाचाबाई म्हणते. त्यांनी एक पेन ड्राईव्ह आणि तीनशे वाक्यांची यादी दिली. पेन ड्राईव्हमधला प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर टाकायचा, मायक्रोफोनसमोर एकेक वाक्य वाचायचं. तीनशे झाली की 'पूर्ण' हे बटण दाबायचं. मग तो प्रोग्रॅम त्या वाक्यांचे तुकडे करून, ते जोडून, एक फाईल बनवणार. ऑपरेशननंतर हे टॅबवर लिहितील आणि टॅब बोलेल, ह्यांच्या आवाजात.

"अगदी हुबेहूब नाही हं," बाई म्हणाल्या होत्या, "पण घरच्यांना ओळखू येतो. फक्त एक करा. 'पूर्ण' दाबून फाईल तयार होईपर्यंत कॉम्प्युटर बंद करायचा नाही. बंद झाला तर सगळं पहिल्यापासून."

पहिल्यापासून! चार दिवस लागले होते आम्हाला, आणि डॉक्टरांनी बोलायची सूट दिली होती ती तेवढ्यापुरतीच. रोज पंचाहत्तर वाक्यं, मध्ये मध्ये कोमट पाणी आणि विश्रांती. हे एकतीस वर्षं एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि बोलण्याच्या बाबतीत घरातही स्टोअरकीपरच. चिठ्ठीशिवाय माल बाहेर नाही. लग्नानंतर पहिला महिनाभर मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत. असा माणूस मायक्रोफोनसमोर ताठ बसून म्हणत होता, "निळा पक्षी कुंपणावर बसला आहे." "तुमच्या मावशीला माझा नमस्कार सांगा." "आज हवा फार छान आहे." सगळं एका सुरात, माल तपासून घेतल्यासारखं. दोनशेच्या पुढे आवाज फाटायला लागला. शेवटच्या दिवशी एकेक वाक्य तीन-तीनदा घ्यावं लागलं. तीनशेवं वाक्य, "धन्यवाद, पुन्हा भेटू," म्हणून झालं आणि ह्यांनी मानेला हात लावून डोळे मिटले. त्या गळ्यातून आता पुन्हा तीनशे वाक्यं निघणार नव्हती. तीससुद्धा नाहीत.

माझी एक तक्रार पहिल्या दिवसापासून होती. यादीत 'अगं' नव्हतं. चौतीस वर्षांत ह्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. अगं, एवढंच. पण त्या एका शब्दाचे पंधरा-वीस प्रकार आहेत. चष्मा हरवल्याचा 'अगं' वेगळा, पाहुणे आल्याचा वेगळा, मी जास्त बोलले की 'अगंऽऽ' असा लांबवलेला. मी वाचाबाईंना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "अक्षरं जोडून मशीन बनवेल की." मग ह्यांच्या मागे लागले, की शेवटी एकदा म्हणा ना, तेवढंच रेकॉर्ड होईल. ह्यांनी मायक्रोफोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"मुद्दाम नाही येत," एवढं म्हणाले.

आणि आता ही पिवळ्या त्रिकोणाची चौकट. तिच्या मागे 'फाईल तयार होत आहे' असं लिहिलेली पट्टी एकतीस टक्क्यांवर थिजली होती. वरच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका अजून लुकलुकत होता, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ होता? उगाच कुठेतरी हात लागेल म्हणून मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि नणंदेला फोन लावला.

आमच्या नणंदबाई एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात. ह्यांच्यात जेवढं बोलणं कमी पडलं तेवढं देवाने त्यांच्यात भरलंय.

"वहिनी, 'रद्द' दाबू नकोस. दाबलं नाहीस ना?"

"नाही गं. काहीच दाबलेलं नाही. मला भीती वाटतेय."

"घाबरू नकोस. व्हर्च्युअल मेमरी कमी पडलीय, वाढवू आपण. हे बघ, रॅम म्हणजे तुझं कापायचं टेबल. टेबल भरलं की तू काही कापड पलंगावर टाकतेस ना? तसा कॉम्प्युटर डिस्कवर थोडी जागा राखून ठेवतो, टेबलावर मावलं नाही की तिथे टाकायला. तिला म्हणतात पेजिंग फाईल. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये जा. मग ॲडव्हान्स्ड."

मी घरीच कपडे ऑल्टर करते, त्यामुळे टेबल आणि पलंग चटकन समजला. पण ॲडव्हान्स्ड सापडेना. कारण ह्यांनी दोन वर्षांपूर्वी आख्खा कॉम्प्युटर मराठीत करून ठेवला होता. आपल्याला काय सांगायचं ते आपल्या भाषेत सांगावं त्याने, असं ह्यांचं म्हणणं.

"इथे 'प्रगत' आहे."

"तेच असेल. आता परफॉर्मन्स."

"'कार्यप्रदर्शन' आहे."

"ते काय, शाळेचं गॅदरिंग आहे का? दाब तेच. पुन्हा प्रगत. आता व्हर्च्युअल मेमरी दिसतेय?"

"आभासी स्मृती."

"दादाला माझा साष्टांग नमस्कार सांग. 'चेंज' किंवा काय असेल ते दाब. आता आकडा काय आहे, वाच."

मी वाचला. 'पृष्ठांकन फाईलचा सानुकूल आकार. आरंभी चारशे एमबी, कमाल चारशे एमबी.'

तिने मला आकडा पुन्हा वाचायला लावला. ती बाई एकच गोष्ट दोनदा विचारते तेव्हा मला धडकी भरते.

"चारशे?" ती म्हणाली. "वहिनी, हा आकडा मशीन आपण होऊन ठरवत नाही. मशीन हजारांत घेतं. हे कोणीतरी हाताने केलंय."

मी मान वळवली. हे भिंतीकडे बघत उभे होते. हातात चिठ्ठ्यांचं पॅड होतं. बोलायची बंदी झाल्यापासून कारखान्यातल्या जुन्या माल-पावतीच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायचे. त्यांनी लिहिलं आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

'मी. आठ हजार एमबी रिकामे अडवले होते. वापर शून्य.'

मला काय झालं सांगू? हसू आलं नाही, एरवी आलं असतं. एकतीस वर्षं ज्या माणसाने गोदामात एक फळी रिकामी पडू दिली नाही, त्याला डिस्कवर आठ हजार एमबी नुसते अडलेले दिसल्यावर तो काय करणार? कापले. आणि आज त्याच कापलेल्या जागेपायी त्याचा स्वतःचा आवाज एकतीस टक्क्यांवर अडकला होता. भीतीने माझा तोल सुटला.

"रिकामी जागा नव्हती हो ती," मी ओरडले, "माया होती माया! ब्लाऊजला मी आत दीड बोट माया सोडते, ती काय कापड जास्त झालंय म्हणून? माणूस उद्या अंगाने भरला तर उसवून वाढवता यावं म्हणून! तुमच्यासारखं कोणी ती कापून टाकली तर पुढे काय, घालायचं नशिबात नाही म्हणून बसायचं?"

ह्यांनी मान खाली घातली. त्या मानेवर सर्जननी सकाळच्या तपासणीत निळ्या पेनने खूण केलेली होती, कुठे कापायचं त्याची. ती दिसली. मी ह्यांच्या मनगटाला हात लावला. गार पडलं होतं.

"वहिनी, भांडण नंतर," फोनमधून आवाज आला. "आरंभी चार हजार घाल, कमाल आठ हजार. मग 'सेट'. आकार वाढवला तर सहसा रिस्टार्ट मागत नाही. कमी केला तर मागतो."

"सहसा म्हणजे?"

"सहसा म्हणजे सहसा. घाल तू."

मी आकडे घातले. घाईत चार हजारांचे चाळीस हजार झाले, ते पुसून पुन्हा घातले. 'सेट करा' दाबलं. लगेच दुसरी चौकट. 'डिस्कवर पुरेशी मोकळी जागा नाही.'

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. इतकं रोजचं सगळं चालू होतं. मला ऑपरेशनची भीती वाटत होतीच, पण तिला तोंड द्यायला सर्जन होते, त्यांची माणसं होती. ह्या भीतीला तोंड द्यायला मी एकटी होते, आणि मला धड माऊससुद्धा धरता येत नव्हता. ह्या घरात उद्यापासून कोणी काही बोलणार नाही, चष्मा हरवला तरी नाही, ही गोष्ट मी चार दिवस तीनशे वाक्यांच्या आड लपवून ठेवली होती. ती आता समोर येऊन उभी राहिली.

"जागा करू," नणंदबाई घाईने म्हणाल्या. "डिस्क क्लीनअप उघड. स्टार्टमध्ये शोध, 'साफसफाई' वगैरे असेल. यादी येईल. त्यात टेम्पररी फाईल्सला टिक कर आणि ओके मार. सगळा कचरा असतो तो. किती दिसतंय?"

"'तात्पुरत्या फायली'. पाच जीबी."

"बस, काम झालं. मार ओके. वहिनी, मला साहेब बोलावतायत, अर्ध्या तासात फोन करते. घाबरू नकोस."

फोन बंद झाला.

आता इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे 'तात्पुरतं' ह्या शब्दाचा अर्थ कायमचं असा आहे. मला कुठलीही वस्तू टाकवत नाही आणि ती कुठे ठेवायची हेही ठरवता येत नाही, म्हणून मी खोक्यात भरते आणि वर 'तात्पुरतं' असं लिहिते. त्यातली काही खोकी चौतीस वर्षांची आहेत. ह्यांच्या शिस्तीत ते बसत नाही. गोदामात तात्पुरता माल तीन महिन्यांत निकालात काढायचा असा नियम होता. लग्नाच्या सहाव्या वर्षी ह्यांनी नियमाप्रमाणे माझं एक खोकं निकालात काढलं. त्यात माझ्या आईने पातळ कागदावर काढलेले कशिद्याचे नमुने होते. आई नुकतीच गेली होती. मी अकरा दिवस ह्यांच्याशी बोलले नाही, आणि मी अकरा दिवस न बोलणं म्हणजे काय हे शेजाऱ्यांना विचारा. बाराव्या दिवशी हे म्हणाले, "तात्पुरतं लिहिलेल्या कशालाही तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही." त्यानंतर लावला नाही. माळ्यावर अजून सात खोकी आहेत.

तर मी टिक केली. 'तात्पुरत्या फायली' ह्या शब्दांच्या पुढच्या चौकोनात छोटीशी बरोबरची खूण आली. खाली 'ठीक आहे' असं बटण होतं. मला एकच कळत होतं, की हे दाबलं की जागा होईल आणि जागा झाली की सुटका. मी माऊस बटणावर नेला. बोट खाली येतच होतं.

"अगं, थांब!"

मागे ह्यांच्या पायाला लागून स्टूल आडवं झालं. मी दचकून "अहो, काय!" म्हणून किंचाळले आणि माऊस टेबलावरून खाली पडला. त्या गळ्यात इतका आवाज शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. हे भिंतीला धरून खोकत होते, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि एक हात पडद्याकडे करत होते. ओरडायला तर डॉक्टरांनी कडक मनाई केलेली. मी पाणी दिलं. दोन घोट घेतले आणि ह्यांनी चिठ्ठी लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं.

'तात्पुरतं लिहिलंय. आधी उघडून बघ.'

"अहो, कॉम्प्युटरचं तात्पुरतं वेगळं. वन्सं म्हणाल्या कचरा असतो."

ह्यांनी मान हलवली आणि 'आधी उघडून बघ'च्या खाली दोन रेघा मारल्या.

मी जमिनीवरून माऊस उचलला. 'फायली पाहा' असं बाजूला एक बटण होतं, ते दाबलं. पडदाभर यादी आली. नाना तऱ्हेची आकड्या-अक्षरांची लांबलचक नावं, खरोखरच कचऱ्यासारखी. मी खाली सरकवत गेले. आणि मग एका खाली एक, ओळीने, जशी ह्यांनी गोदामात फळ्यांवर लावली असती तशी, 'वाक्य ००१', 'वाक्य ००२', 'वाक्य ००३'...

मी खुर्ची घट्ट धरली. खुर्चीवर बसलेलीच होते, तरी धरली. तीनशेच्या तीनशे वाक्यं तिथे होती. वाचाबाईंच्या त्या जुन्या प्रोग्रॅमने फाईल तयार होईपर्यंत सगळी तिथेच ठेवलेली होती, तात्पुरती. माझ्या एका बोटाने ती निळ्या पक्ष्यासकट, मावशीच्या नमस्कारासकट गेली असती. नंतर नणंदबाई म्हणाल्या की फायली वापरात होत्या, तेव्हा कदाचित पुसल्याच गेल्या नसत्या. कदाचित. ह्या शब्दाने मला आजही रात्री दचकून जाग येते.

मी ती टिक काढली. दोनदा बघितलं, निघाली का. मग मी रडले. हे माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि मग घड्याळाकडे बोट दाखवलं. अडीच वाजत आले होते.

जागा तर करायचीच होती. माझ्या नावाचा एक कप्पा कॉम्प्युटरवरही आहे, नाव सांगायलाच नको. त्यात माझ्या शिवणाच्या वर्गाचे सगळे व्हिडिओ. मी म्हटलं, "माझं 'तात्पुरतं' टाकू या. पुन्हा करीन." ह्यांनी माझा हात बाजूला केला. स्वतः स्टूल उचलून बसले आणि त्यांच्या कप्प्यावर गेले. त्याचं नाव 'कायम'. निवृत्त होताना ह्यांनी एकतीस वर्षांच्या सगळ्या मालाच्या नोंदवह्यांचे फोटो काढून आणले होते. कोणी मागितले नव्हते. तीन वर्षांत कोणी विचारलेही नव्हते. पण दर रविवारी हे तो कप्पा उघडून बघायचे, मला माहीत होतं. कुठल्या साली कुठल्या फळीवर किती वॉशर होते, सगळं त्यात होतं. सहा जीबी.

ह्यांनी 'कायम'वर उजवं बटण दाबलं, 'हटवा' म्हटलं. 'तुम्हाला खात्री आहे?' असं त्याने विचारलं. ह्यांनी एक क्षणही घेतला नाही. होय.

"झालं?" मी विचारलं.

ह्यांनी लिहिलं: 'नाही. रद्दी दाराबाहेर गेल्याशिवाय जागा होत नाही.' आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन तोही रिकामा केला. मला हे सुचलं नसतं. मी आपली तसेच आकडे घालून पुन्हा तीच चौकट बघत बसले असते.

मग मी आकडे घातले. आरंभी चार हजार. कमाल आठ हजार. 'सेट करा'. चौकट आली नाही. 'ठीक आहे'. आता ते रिस्टार्ट मागणार का, ह्याच एका गोष्टीवर सगळं होतं. मी डोळे मिटून घेतले. सहसा मागत नाही, सहसा मागत नाही, असं मनात चाललं होतं. ह्यांनी माझ्या खांद्याला बोट लावलं. डोळे उघडले. काहीच मागितलं नव्हतं. शिवण न उसवता माया मिळाली होती.

राहिला तो पिवळा त्रिकोण. 'पुन्हा प्रयत्न' कोणी दाबायचं? मी म्हटलं तुम्ही, ह्यांनी बोट माझ्याकडे केलं. शेवटी माझ्या बोटावर ह्यांनी बोट ठेवलं आणि दोघांनी मिळून दाबलं.

एकतीस. एकतीस. एकतीस. बत्तीस.

अठ्ठावन्नवर चार मिनिटं थांबलं. त्या चार मिनिटांत मी काय काय कबूल केलं ते सांगत नाही. बहात्तरला फोन वाजला, नणंदबाईंचा. मी उचललाच नाही, फोनच्या आवाजानेसुद्धा काही बिघडेल असं वाटत होतं. शंभर झाले तेव्हा तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. 'फाईल तयार आहे.' ह्यांनी ती पेन ड्राईव्हवर घेतली, मग दुसऱ्या पेन ड्राईव्हवर आणखी एक नक्कल, मग वाचाबाईंना पाठवली. तिन्ही ठिकाणी पोचल्याची खात्री केल्यावर चिठ्ठीवर तीन वेळा बरोबरची खूण केली. मग आम्ही बॅग घेऊन निघालो.

ऑपरेशन सात तास चाललं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. हे वाचले, एवढं पुरे.

पाच आठवड्यांनी वाचाबाईंच्या खोलीत आम्ही टॅब घ्यायला गेलो. ह्यांच्या गळ्याला पांढरी पट्टी होती. बाईंनी टॅबवर लिहून दाखवलं आणि तो बोलला, "आज हवा फार छान आहे." ह्यांचाच आवाज, पण यादी वाचतानाचा, ताठ बसलेला. मी बाईंचे आभार मानले, मनापासून मानले. मग मी स्वतः टॅबवर 'अगं' असं लिहिलं. टॅब "अगं" म्हणाला, तो नव्या स्टोअरकीपरने म्हणावा तसा. मी हसले आणि टॅब ह्यांच्याकडे दिला.

"हां, एक गंमत राहिली," बाई म्हणाल्या. "फाईलबरोबर मूळ तुकडेही येतात, तर तुमचे तीनशे एक आलेत. शेवटचा यादीतला नाही. मायक्रोफोन चालूच राहिला होता वाटतं." त्यांनी लावलं.

आधी नुसती खरखर. मग 'बस, काम झालं' ऐकून मी टाकलेला निःश्वास. माऊसचं टिक. आणि मग, फाटलेला, पूर्ण जोर लावलेला, खोलीभर: "अगं, थांब!" मागोमाग स्टूल, आणि माझी किंकाळी.

पंधरा-वीस प्रकारांतला हा कुठला, ते मला सांगता येणार नाही. हा मी त्याआधी कधी ऐकलेला नव्हता.

बाई अवघडल्या. "सॉरी हं, दचकवलं तुम्हाला. ह्याचा आवाज बनवायला काही उपयोग नाही, उलट बिघाडच होतो. यादीबाहेरचं आम्ही दोन महिन्यांनी पुसून टाकतो. काढून टाकू ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी टॅबला हात लावला नाही. खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, पेन्सिलीला टोक आहे का बघितलं, सावकाश दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठी टेबलावरून बाईंच्या बाजूला सरकवली.

"'ठेवा. तात्पुरतं,'" बाईंनी वाचलं. मग आमच्या फाईलवर नोंद करायला पेन उचललं.

"तात्पुरतं म्हणजे नक्की किती दिवस?" त्यांनी विचारलं.